बिजल्याचा पोळा

"वैनी, यंदा तोरणाखाली काय आणता? कोंबडी का बोकड?" अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या बाबाराव पाटलानं विचारलं.

रंभाबाई सडा टाकून राहिली होती. तिनं हात थांबवला नाही. शेणपाण्याचा पुढचा फटकारा नेमका पाटलाच्या कोऱ्या वहाणांवर गेला.

"पाय मांगं घ्या भाऊजी," ती म्हणाली. "सडा अंगणाले हाय, तुमाले नाही."

मी शेजारी माझ्या अंगणात, मधल्या कुंपणाला टेकून निंबाची काडी चावत होतो. खरं तर दात घासून केव्हाच झाले होते, पण भांडण अर्ध्यात सोडून जाणं मला बरं वाटत नाही.

"इचारलं ते सांगा," पाटील म्हणाला. "पोळा जवळ आला. दोन पोळे तुमची जागा रिकामी गेली. हा तिसरा."

"मले मोजता येते."

"मंग बैल कुठी हाय?"

रंभाबाईनं ओल्या हातानं ओसरीकडं दाखवलं. ओसरीच्या खांबाला दाव्यानं एक सायकल बांधलेली होती. तिच्यापुढं मूठभर हिरवा चारासुद्धा टाकलेला होता.

पाटलानं सायकलकडं पाहिलं, वहिनीकडं पाहिलं, शेवटी माझ्याकडं पाहिलं. "झिंगरू, वैनीची तब्येत बरी हाय ना गा?"

"तुमी यायच्या आधी तं बरी होती," मी म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, बैल नसला तर नसला, पोळ्याला घरी बसावं, पुरणपोळी खावी. पण आमच्या जामघोगरीत तसं चालत नव्हतं. नरखेडकडचं हे आमचं गाव. माती काळी, इतकी चिकट की एकदा पावसाळ्यात माझी वहाण फसली ती थेट होळीला सापडली, आणि तिला पालवी फुटली होती. गावाला संत्र्याच्या बागा. बागांना पाणी नाल्याच्या बंधाऱ्याचं, एकाच पाटानं येणारं. आणि पाण्याची पाळी लागायची ती पोळ्याच्या रांगेनं. ज्याचा बैल तोरणाखालून आधी गेला त्याचं पाणी आधी, मग मागच्याचं, मग त्याच्या मागच्याचं. लागोपाठ तीन पोळे ज्याची जागा रिकामी, त्याची पाळी गावाकडं जमा. गावाकडं म्हणजे कोणाकडं, हे सांगायला नको. रंभाबाईचा मळा जिथं संपतो तिथून पाटलाचा सुरू होतो.

पाळी गेली की उन्हाळ्यात झाडं वाळणार. नवरा देवराव गेल्यापासून ती झाडं रंभाबाईनं खांद्यावर घागरी वाहून जगवली होती. वाळलेली बाग मग धाकट्या दिराच्या मळ्यात मिसळायला किती वेळ लागतो?

बैल तिच्याकडं होते, पवळ्या आणि लाख्या. दोन वर्षांमागं वैशाखात वीज पडली. ती आधी माझ्याच घरावर येत होती. मी अंगणात उभा राहून खाकरलो तशी ती दचकून वळली आणि रंभाबाईच्या बांधावरच्या निंबावर गेली. निंबाखाली पवळ्या उभा होता. तो जागेवर गेला. लाख्यानं तिसऱ्या दिवशी चारा सोडला आणि महिन्यात तोही त्याच्यामागं गेला. उसना बैल तोरणाखाली चालत नाही, आणि चालला असता तरी पाटलाच्या शेजारी राहून कोणी दिला नसता.

तेव्हा आला रुपराव, रंभाबाईचा भाऊ. तो नागपूरला इतवारीत मोटारीच्या बॅटऱ्या दुरुस्त करायच्या दुकानात होता. भांड्यांनी भरलेला हातठेला त्याच्या डाव्या पायावरून गेला, पाय कामातून गेला, आणि तो बहिणीकडं येऊन राहिला. सायकलचं पायडल त्याला मारता येईना. बसून बसून त्यानं डोकं लढवलं. जीपचा डायनमो फिरवला की वीज निघते. मग डायनमोत वीज घातली की तो फिरला पाहिजे, असा त्याचा हिशेब. भंगारातला एक डायनमो त्यानं सायकलला बसवला, साखळीनं मागच्या चाकाला जोडला, ट्रकची बॅटरी मागं पेटीत ठेवली, घरातल्या दिव्याचं खटक्याचं बटन हँडलला लावलं, आणि तोल राहावा म्हणून बाजूला तिसरं चाक जोडलं. बटन दाबलं. सायकल घरघरली आणि निघाली. पहिल्या दिवशी ती इतकी पळाली की तिची सावली दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आली.

यमुताई, म्हणजे रंभाबाईची सासू आणि बाबाराव पाटलाची सख्खी आई. डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. पाटलाचा चिरेबंदी वाडा सोडून ती थोरल्या सुनेच्या ओसरीवर राहत होती, ते का, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि गावानं कधी विचारलं नाही. सायकल मळ्यातून संत्र्याच्या पेट्या घेऊन आली तेव्हा म्हातारीनं चाचपडत डायनमोवर हात ठेवला.

"अवं रंभे, हे तं गरम हाय," ती म्हणाली. "धापते बी. जितं हाय हे."

"बैल हाय मामीजी," रंभाबाई म्हणाली. "विजेनं एक नेला, विजेनंच दुसरा पाठवला."

म्हातारीनं त्याच दिवशी त्याचं नाव बिजल्या ठेवलं. त्या वर्षभरात बिजल्यानं खत वाहिलं, गवत वाहिलं, येष्टीच्या थांब्यावर पेट्या नेल्या. शेण तेवढं टाकलं नाही.

पाटलानं प्रकरण पारावर नेलं. गावात तोरण तोडायचा मान पाटलाचा, पण तोरणाखालच्या भांडणाचा निवाडा धोंडबाजींचा. वय इतकं की त्यांनी आपल्या आजोबाला मांडीवर खेळवलं होतं असं म्हणतात. निदान मी तरी म्हणतो. त्यांनी दोघांचं ऐकलं.

"पोळा कष्ट करणाऱ्या जनावराचा," रंभाबाई म्हणाली. "यानं माह्या वावरात कष्ट केले का नाही, हे गावानं पाह्यलं."

"जनावराचा म्हणता ना? हे जनावर हाय का?" पाटील म्हणाला. "याले चार पाय कुठी हाय?"

"तुमच्या काळ्या बैलाले तरी कुठी चार हाय? एक तं लंगडते."

धोंडबाजींनी तंबाखू मळली, दाढेखाली धरली. मग म्हणाले, "ज्यानं तोरणाखालून आपल्या अंगच्या बळानं जावं, तो बैल. कोणी ढकलायचं नाही, कोणी ओढायचं नाही, पायडल मारायचं नाही. गेला तं रंभाबाईची पाळी राहीन. नाही गेला तं पाळी गावाची."

"कबूल," पाटील म्हणाला.

"कबूल," रंभाबाई म्हणाली. "आन् भाऊजी, त्या दिवशी वहाणा जुन्या घालून या. धूळ उडन."

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे मळतात, हे तुम्हाला माहीत आहे. वर्षभर जू वाहून कातडं घट्ट झालेलं असतं. हळद आणि तूप कालवून ते मऊ करायचं, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस हे करतं. मी कुंपणावरून पाहिलं तेव्हा यमुताई बिजल्यापाशी पाट टाकून बसली होती. वामन चक्कीवाल्याकडून बॅटरी भरून आली होती आणि तशीच पेटीत ठेवली होती. तारा जोडायच्या बाकी होत्या. रुपराव चाकं काढून नाल्यावर धुवायला घेऊन गेला होता. म्हातारीच्या मांडीवर पितळेची वाटी, आणि वाटीतलं सरेपर्यंत ती मळत राहिली, पुटपुटत राहिली. घरातलं पोळीपुरतं राखलेलं तूप होतं ते. मला गलबलून आलं. म्हणजे तुपाचा वास आला.

सकाळी रुपरावनं घाईघाईनं तारा जोडल्या, तारांच्या टोकांच्या पकडी बॅटरीवर आवळल्या आणि बटनाकडं हात नेला.

"खबरदार," रंभाबाई म्हणाली.

"बाई, पाहून तं घेऊ दे, चालते का नाही."

"आज पोळा हाय. पोळ्याच्या दिवशी बैल जुपत नाही. वर्सातून एक दिवस त्याले आराम, आन् तू त्याले पळवते?"

"अवं पण हा बैल..."

"हा बैल काय? बोल ना. बैल नाही म्हणते? मंग गावापुढं काय सांगू मी?"

रुपरावनं हात मागं घेतला. बिजल्याला पाठीवर झूल घातली, हँडलला मोरपिसांची जुडी बांधली, गळ्यात घुंगरमाळ. यमुताईनं वेसण करून हँडल असं घट्ट ताणून बांधलं की ते नाकासमोर राहिलं, इकडं ना तिकडं. मग हातांनी हळूहळू लोटत त्याला आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, नेलं.

आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण ताणलं होतं. पावसानं सकाळी हजेरी लावून रजा घेतली होती; चिखलाचा, घामाचा, झेंडूचा वास एकच झाला होता. रंगवलेल्या शिंगांच्या रांगेत शेवटी बिजल्या उभा. शेजारचा पांढरा बैल त्याचं चाक चाटत होता.

"आणा म्हणा तुमच्या बैलाले," पाटील म्हणाला. "रांग त्याच्यासाठी थांबली हाय. आधी त्याचाच निकाल लागू द्या."

मोरपिसाच्या जुडीला हात लावून रुपरावनं बटन दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. एरवी बटन दाबलं की म्हशीच्या पोटात गुडगुडावं तसा आवाज यायचा. आज तेवढंही नाही. पाटलाच्या बाजूचे लोक हसले. रंभाबाई हसली नाही, रडली नाही. तिनं फक्त पदर कमरेला खोचला.

"सावकाश पाह्य," ती भावाला म्हणाली. "मी इथून हालत नाही."

रुपराव चिखलात बसला. बटनापासून निघालेली तार त्यानं बोटानं शेवटपर्यंत तपासली; कुठं तुटली नव्हती. डायनमोचं झाकण काढून आतले कोळशाचे तुकडे पाहिले; ते जागच्या जागी. चाक उचलून हातानं फिरवलं. साखळी मोकळी फिरत होती. झुलीचं टोक वर करून बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांकडं पाहिलं. खुंट्यांना गंज चढू नये म्हणून तो वरून ग्रीस लावायचाच. तिथं ओशट दिसलं, त्यानं झूल पुन्हा टाकली.

तोवर गाव जमलं होतं आणि गाव जमलं की शहाणपण जमतं.

"नजर लागली त्याले," एक जण म्हणाला.

"शेपूट पिळा, उठन बरोबर."

"शेपूट दाखव कुठी हाय ते," रुपराव म्हणाला, "मी पिळतो, मंग तुहं बी पिळतो."

"उपाशी असन. याले खायाले काय देता वं बाई?"

वामन चक्कीवाल्याला बोलावलं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "पीठ कमी देल्लं असन कधी, पण करंट पुरा देल्ला. देवाच्यान."

जो तो पुढं येऊन बटन दाबून पाहू लागला. दाबायचं, कान लावायचा, मान हलवायची, पुन्हा दाबायचं. शेवटच्यानं ते खटक्याचं बटन खाली सोडलं का वर, कोणी पाहिलं नाही.

रुपराव उठला आणि पाटलाच्या पुढं जाऊन उभा राहिला. "पाटील, सांजच्याला कोणी आलतं का गा आमच्या ओसरीवर?"

"काय म्हणणं हाय तुहं?"

"तारा चांगल्या, बॅटरी भरेल, डायनमो चांगला. मंग कोणं हात लावला?"

पाटलाचा चेहरा एकदम उतरला. खरं सांगतो, इतक्या वर्षांत मी त्याला तसा पाहिला नव्हता. "मी पाणी घीन," तो म्हणाला, "तोंडावर सांगून घीन, पारावर बसून घीन. पण सांजच्याला चोरावानी दुसऱ्याच्या गोठ्यात जाणारा नाही मी."

"नाही गेले ते," रंभाबाई भावाला म्हणाली. "त्याईले ओळखतो आमी. जे करतात ते दिवसा करतात. तू काम पाह्य."

पाटलाला हे कौतुक का टोमणा, ते कळलं नाही. त्यानं हातातली काठी वर केली. "बस झालं. दिवस कलला. तोरण तोडतो. पोळा फुटू द्या."

एकदा तोरण तुटलं की संपलं. बैल घराकडं उधळतात आणि पाळी ठरून जाते. पण आमच्याकडं एक रीत आहे. तोरणाखाली झडत्या म्हणतात, तुम्ही त्या ऐकल्या असतील; एकानं दोन ओळी ठोकायच्या, दुसऱ्यानं उलट ठोकायच्या. आणि समोरच्यानं ठोकलेल्या झडतीला उत्तर दिल्याशिवाय तोरण तोडता येत नाही. पाटलाला झडत्यांची भारी हौस. त्यानं काठी तशीच धरून पहिली ठोकली.

"चारा नाही, पाणी नाही, नाही शेण-मूत,
वैनीनं दाव्याले बांधलं लोखंडाचं भूत!"

हर बोला हर हर महादेव, सगळं आखर गरजलं. त्यानं पुन्हा तोरणाकडं पाहिलं. मी पुढं झालो. गावात माझ्या तोंडाला लोक नावं ठेवतात. म्हटलं, आज ते तोंड कामाला लागू दे.

"शेण नाही, मूत नाही, गोठा राह्यते साफ,
पाटलाच्या बैलाले पाहा, उभ्यानं लागली धाप!"

"शिंग नाही, शेपूट नाही, पुढं पाऊल ना गेलं,
पोळ्याच्या दिशी पाहा बावा, जनावरच मेलं!"

"मेलं नाही पाटील, त्याले झोप लागली जरा,
जागं झाल्यावर तुमच्या बैलाईले घट्ट धरा!"

असं आम्ही इतकं चालवलं की झाडावरचे बगळे दोनदा घरी जाऊन आले. रुपराव खाली बसून डायनमोची, बटनाची एकेक तार सोडत होता, जोडत होता. पाटलाचा दम संपत आला होता, माझाही. मग माझ्या तोंडातून अशी एक निघाली की मीच चपापलो.

"बंधाऱ्याले पाणी आलं, पाण्याले हाय वाट,
वाटेमधी बसून सांगा कोण अडवते पाट?"

हर हर महादेव म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत राहिला. पाटलाची पंचाईत. उत्तर द्यावं तर आपल्यावर येतं, न द्यावं तर तोरण तुटत नाही. त्याचे ओठ हलत होते, यमक जुळत नव्हतं.

तेवढ्यात पाटलाची बायको मीराबाई सासूला हाताला धरून घेऊन आली. यमुताईच्या हातात पुरणपोळीचं ताट. पाटील मायला वर्ष वर्ष भेटत नसे, पण मीराबाई सासूची चोरून विचारपूस करायची.

"गेला का बिजल्या तोरणाखालून?" म्हातारीनं विचारलं.

"नाही मामीजी," रंभाबाई म्हणाली. "उठत नाही."

"काहून गा बावा?" म्हातारी बिजल्याजवळ बसली. "काल इतके खांदे मळले तुहे, आवतन देल्लं. तरी रुसला?"

रुपरावचा हात थांबला. "मावशी, खांदे कुठचे मळले?"

म्हातारीनं झुलीखाली हात घातला आणि चाचपडत बॅटरीचे दोन खुंटे बरोबर धरले. "हे काय. पेटीतून कसे टोकदार वर आले होते. जू वाहून वाहून हाडं निंगाली लेकराची. भरून काढले मी."

"वरून वरून मळले का..."

"वरून वरून मळाले मी काय कालची सून हाय? चांगलं गच्च भरलं. पुरी वाटी जिरवली."

रुपरावनं झूल फेकली, पकड सैल केली आणि ओढली. खुंट्याभोवती हळद-तुपाचा पिवळा थर बसला होता, बोटभर जाड. पकडीच्या आतही तेच. तुपातून वीज जात नाही. वीज खुंट्यापाशी येऊन तुपात पाय घसरून परत फिरत होती. रुपराव आधी हसला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसला.

"बाई, राख पाह्यजे. कोरडी. आन् घासाले काही."

रंभाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. तोरणाशेजारी पूजेचं ताट होतं. तिनं धुपाटण्यातली निवलेली राख ओंजळीत घेतली आणि पूजेच्या नारळाची शेंडी एका हिसक्यात उपटली.

"अवं बाई, नारळ पूजेचा हाय," कोणी तरी म्हणालं.

"मी काय करून राहिली मंग?"

ती बिजल्यापुढं बसली आणि खुंटे घासू लागली. पकडी घासल्या, आतून, बाहेरून. चुलीवरचं काळं पातेलं घासावं तशी, दात आवळून. यमुताई बाजूला बसून विचारत होती, "दुखते का वं त्याले?"

पाटलाला इतक्यात यमक सापडलं. त्याचा आवाज आखरभर घुमला.

"पाट अडवत नाही कोणी, पाट हाय गावाचा,
बैलावाचून शेतकरी नुसता नावाचा!"

हर हर महादेव झालं. उत्तर झालं. पाटलानं काठी उचलली. एक पकड बसली होती. दुसरी रुपरावच्या हातात होती. मला झडती सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड रिकामं पडलं.

"थांबा," रंभाबाई उठून म्हणाली. कोपरापर्यंत राखेनं भरलेले हात तिनं कमरेवर ठेवले. "माही झडती बाकी हाय."

"बायकाईची झडती नसते," पाटील म्हणाला.

सगळ्यांनी धोंडबाजींकडं पाहिलं. धोंडबाजी तंबाखू थुंकले. "बायकाईनं म्हणू नये, असं कोणी सांगतलं नाही मले. म्हण पोरी."

रंभाबाईनं दिराच्या डोळ्यांत पाहिलं.

"विजेनं नेला बैल माहा, विजेनंच देल्ला परत,
ज्याले नसन पटत त्यानं जावं रानात चरत!"

आणि नेमका त्याच क्षणी रुपरावनं दुसरी पकड खुंट्यावर दाबली.

बटन कसं सोडलं ते कोणी पाहिलं नव्हतं, हे मी सांगितलंच; ते चालूच राहिलं होतं. फटकन ठिणगी उडाली. बिजल्या गुडगुडला, चिखलात एकदा रुतला, आणि सुटला. वर कोणी बसलेलं नाही, मागून कोणी ढकललेलं नाही, पुढून कोणी ओढलेलं नाही. वेसणीनं हँडल नाकासमोर. पाटलानं काठी टाकून बाजूला उडी मारली. बिजल्या तोरणाखालून गेला, त्याच्या मोरपिसांत तोरणाचा दोर अडकला, आणि तोरण तटकन तुटून त्याच्या गळ्यात पडलं.

पोळा फुटला. मी पाहिलं म्हणून सांगतो: बिजल्यामागं बैल धावले, बैलांमागं माणसं, माणसांमागं कुत्री, आणि सगळ्यात मागं पाटलाचा फेटा. आखरावर धोंडबाजी आणि यमुताई दोघंच उरले. म्हातारी विचारत होती, "गेला का? पयला गेला?"

"पयला गेला," धोंडबाजी म्हणाले. "यंदा पयलं पाणी रंभाबाईचं."

बिजल्या सरळ गेला तो आखरातून निघालेल्या वाटेनं, आणि ती वाट पाटलाच्या वाड्यापाशी संपते. दाराच्या सागवानी खांबावर पुढचं चाक आदळलं आणि तो थांबला. मागचं चाक मात्र फिरतच होतं, चिखल उडवत, जसा बैल दारात पाय आपटतो. आम्ही धापा टाकत पोचलो. रुपराव काठी टेकत आला, त्यानं बटन बंद केलं.

पाटील गर्दीतून पुढं आला. बोडका, चिखलानं भरलेला. "काढा हे माह्या दारातून."

कोणी हाललं नाही. पोळ्याच्या दिवशी दारात आलेला बैल पूजा न करता परत पाठवत नाहीत. हे पाटलालाही माहीत होतं, म्हणून त्याचा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला.

मीराबाई मागून आली होती. ती नवऱ्याच्या बाजूनं निघून आत गेली आणि तांब्या, हळदीकुंकू, पुरणपोळी घेऊन बाहेर आली. तिनं बिजल्याच्या तिन्ही चाकांवर पाणी घातलं, डायनमोला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास हँडलला दाखवला. मग तुपाची वाटी उचलली.

"तूप नको," अख्खं गाव एका आवाजात म्हणालं.

तिनं वाटी खाली ठेवली. रंभाबाई पुढं आली आणि दिरापुढं राखेनं भरलेला हात पसरला. "बैल दारी आला भाऊजी. बोजारा द्या."

बोजारा म्हणजे पोळ्याला दारी बैल आणणाऱ्याला द्यायची ओवाळणी. ती कोणालाही नाकारत नाहीत. पाटील बंडीचा खिसा चाचपू लागला.

"पैसा नाही पाह्यजे," रंभाबाई म्हणाली. "पाटाची फळी तुमी उचलायची. तुमच्या हातानं. पयलं पाणी माह्या बागेत, दरसाल."

पाटलानं गावाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. मग रस्त्याच्या टोकाकडं पाहिलं. धोंडबाजींच्या हाताला धरून त्याची आई येत होती, एकेक पाऊल चाचपत.

"उचलीन," तो म्हणाला. "पण हे दरसाल माह्या दारी नका आणू."

"ते त्याच्या मनावर हाय," रंभाबाई म्हणाली.

आंबिया बहाराच्या वेळी, म्हणजे हिवाळा सरता सरता संत्र्याला फूल येतं तेव्हा, पाटलानं गुडघाभर थंड पाण्यात उतरून फळी उचलली. त्या वर्षी रंभाबाईची संत्री इतकी रसाळ झाली की झाडाखालून जाताना छत्री घ्यावी लागे. कोणाला हे खोटं वाटत असेल तर जामघोगरीला या. बाबाराव गेला, बिजल्याही कधीच गंजला, पण वाड्याच्या सागवानी खांबावर चाकाची खूण अजून आहे. दर पोळ्याला मीराबाई त्या खुणेची पूजा करते. हळद लावते, कुंकू लावते, पुरणपोळी दाखवते. तूप मात्र लावत नाही.